चर्च स्ट्रीटवरची मंडळी

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मार्केट स्ट्रीटवरून चर्च स्ट्रीटला वळले की थोड्याच अंतरावर विटांचे एक जुने चर्च लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते डॅनिश स्थलांतरितांनी बांधले. 1964 मध्ये त्यांची मंडळी शहरातल्या एका फिनिश ल्यूथरन मंडळीशी एक झाली आणि तिला सेंट फ्रान्सिस ल्यूथरन चर्च हे नाव मिळाले. दोघेही उत्तर युरोपातून आलेले, दोघांचा विश्वासांगीकार एक, प्रभुभोजनाचा विधी एक. तरी एका बाकावर यायला अर्धे शतक उलटावे लागले. सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या मंडळ्यांची हकिकत वाचताना हा तपशील ध्यानात ठेवलेला बरा. परक्याला आत घेण्याचा पेच समलिंगी माणसांपासून सुरू झालेला नाही.

त्यांच्यापाशी येऊन तो चिघळला, एवढे मात्र खरे.

या चर्चपासून कॅस्ट्रो ही वस्ती चालत जाण्याइतकी जवळ. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या गावोगावचे समलिंगी तरुण तिथे येऊन राहू लागले. 1977 मध्ये याच भागातून उघडपणे समलिंगी असलेले हार्वी मिल्क शहराच्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी नगरभवनात त्यांचा खून झाला. मग 1981 पासून एड्सची साथ आली. घरच्यांनी तोडलेली तरुण मुले इस्पितळात एकेकटी मरू लागली. ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, तिथले पाळक त्यांच्या उशाशी येतीलच याची खात्री नव्हती. असे पाळक कुठून आणायचे, हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या मंडळ्यांपुढचा रोजचा, अगदी व्यावहारिक प्रश्न होता. पुढचा सगळा धर्मशास्त्रीय वाद या प्रश्नातून निघाला. आधी सिद्धान्त ठरला आणि मग माणसे आत आली, असा क्रम इथे नाही.

1 जानेवारी 1988 रोजी तीन ल्यूथरन संस्था एकत्र येऊन ‘इव्हॅन्जेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका’ ही संस्था सुरू झाली. सभासद बावन्न लाखांच्या घरात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ईएलसीए म्हणतात. पहिल्याच वर्षी बर्कलीच्या सेमिनरीतल्या काही विद्यार्थ्यांनी आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले आणि नव्या संस्थेची झोप उडाली. तिने घेतलेली भूमिका अशी : समलिंगी व्यक्तीला पाळक होता येईल, मात्र तिने शारीरिक संबंधांपासून आयुष्यभर दूर राहिले पाहिजे. जेफ जॉन्सन या विद्यार्थ्याने असे वचन देण्यास नकार दिला. रूथ फ्रॉस्ट आणि फिलिस झिलहार्ट या दोघी तर एकमेकींच्या जीवनसाथी होत्या. त्यांच्या बाबतीत लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. रूथचे वडील गेरहार्ड फ्रॉस्ट हे ल्यूथरन सेमिनरीतले नावाजलेले प्राध्यापक. म्हणजे वाद बाहेरून आलेल्या कोणा बंडखोरांशी नव्हता, घरातल्याच लेकीशी होता.

सेंट फ्रान्सिसने फ्रॉस्ट आणि झिलहार्ट यांना पाचारण केले, तर त्याच शहरातल्या फर्स्ट युनायटेड ल्यूथरन चर्चने जॉन्सन यांना. 20 जानेवारी 1990 रोजी तिघांच्या मस्तकी हात ठेवून त्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. बिशपची संमती नव्हती आणि ती नाही हे सगळ्यांना माहीत होते. दोन्ही मंडळ्या सभासदसंख्येने लहानच. मात्र त्यांनी काही चोरून केले नाही. गुपचूप एखाद्याला ठेवून घेतले असते, तर कदाचित कोणी फारसे विचारलेही नसते. अशा गुपचूप सोयी सगळ्याच धर्मसंस्थांत असतात आणि चालतात. या दोन मंडळ्यांना तीच सोय नको होती.

आता मंडळीने असे परस्पर पाळक नेमणे ल्यूथरन परंपरेत बसते का? इथे वाद मोठा रंगतदार होतो, कारण दोन्ही पक्ष मार्टिन ल्यूथरलाच साक्षीला उभे करतात. 1520 मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रकात ल्यूथरने एक कल्पित प्रसंग मांडला आहे. काही ख्रिस्ती माणसे रानावनात अडकली आहेत, त्यांच्यात दीक्षा घेतलेला धर्मगुरू एकही नाही. त्यांनी आपल्यातलाच एक जण निवडला आणि बाप्तिस्मा, उपासना, पापक्षमा ही कामे त्याच्याकडे सोपवली, तर जगातल्या सगळ्या बिशपांनी मिळून दीक्षा दिल्यासारखाच तो खरा पाळक ठरतो, असे ल्यूथर म्हणतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळ्यांना हा आधार पुरेसा वाटला. साथीच्या काळातले त्यांचे शहर त्या रानाहून फारसे वेगळे नव्हते.

समोरची बाजूही पोकळ नव्हती. 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराच्या चौदाव्या कलमानुसार रीतसर पाचारण झाल्यावाचून कोणी मंडळीत उपदेश करू नये आणि संस्कार देऊ नयेत. रीतसर म्हणजे कोणाच्या रीतीने? एका गल्लीतल्या मंडळीच्या, की पाळकांचे शिक्षण, वेतन, शिस्त सांभाळणाऱ्या संपूर्ण संस्थेच्या? प्रत्येक मंडळी आपापल्या मताने चालली तर उद्या वर्णद्वेष मानणारी मंडळीही हाच हक्क सांगेल, ही भीती अगदीच काल्पनिक म्हणता येत नाही. पण त्याच विश्वासांगीकाराचे तेविसावे कलम पाळकांच्या विवाहाची बाजू मांडते. सक्तीचे ब्रह्मचर्य माणसाला झेपत नाही, त्यातून ढोंग वाढते, हा ल्यूथरपंथीयांचा रोमविरुद्धचा जुना मुद्दा. ल्यूथर स्वतः संन्यासी होता आणि 1525 मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोराशी लग्न केले. चारशेसाठ-पासष्ट वर्षांनंतर त्याच्याच नावाची संस्था काही निवडक माणसांपुरते सक्तीचे ब्रह्मचर्य परत आणत होती. ही विसंगती संस्थेतल्या अनेकांना दिसत होती. बोलायला मात्र वेळ लागला.

1990 मध्येच संस्थेने दोन्ही मंडळ्यांवर शिस्तभंगाचा खटला चालवला. शिक्षा विचित्र होती. ताबडतोब हाकलले नाही, पाच वर्षांचे निलंबन दिले. तेवढ्यात मंडळ्यांचे मन वळेल किंवा संस्थेचा नियम तरी बदलेल, अशी आशा. दोन्हींपैकी काहीच झाले नाही. 1995 संपता संपता दोन्ही मंडळ्या ईएलसीएच्या बाहेर गेल्या. सेंट फ्रान्सिसची उपासना त्याच विटांच्या इमारतीत चालू राहिली. बाप्तिस्मे झाले, लग्नांना आशीर्वाद दिले गेले, दफनविधी तर फारच झाले. संस्थेच्या यादीत नाव नसलेली, तरी उपासनेच्या पुस्तकापासून पाळकाच्या झग्यापर्यंत सर्व बाबतींत ल्यूथरन असलेली मंडळी कशी चालते, याचे प्रात्यक्षिक तिने पुढची पंधरा वर्षे दिले.

इतर शहरांत हे लोण हळूहळू गेले. 2001 च्या एप्रिलमध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात अनिता हिल यांना अशीच नियमबाह्य दीक्षा मिळाली. 2007 मध्ये अटलांटातल्या सेंट जॉन्स चर्चच्या ब्रॅडली श्मेलिंग यांना आपल्या जोडीदाराची माहिती बिशपला प्रामाणिकपणे दिल्याबद्दल पाळकांच्या यादीतून काढण्याचा निर्णय झाला; त्यांच्या मंडळीने त्यांना काही सोडले नाही. दरम्यान वेगळ्या वाटेनेही काम चालले होते. 1974 मध्ये मिनियापोलिसमध्ये ‘ल्यूथरन्स कन्सर्न्ड’ हा गट स्थापन झाला. त्याने 1984 पासून मंडळ्यांसाठी ‘रिकन्सायलिंग इन ख्राइस्ट’ ही योजना राबवली. आज हा गट ‘रिकन्सायलिंगवर्क्स’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या यादीत हजारावर मंडळ्या व संस्था आहेत.

या योजनेची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. दारावर इंद्रधनुषी झेंडा लावला की मंडळी सर्वसमावेशक झाली, असे नाही. आधी मंडळीत अभ्यास होतो : पवित्र शास्त्रातले वादाचे उतारे, सभासदांचे अनुभव, आईबापांचे प्रश्न. मग स्वागताचे निवेदन तयार होते आणि सभासदांसमोर मतदानाला येते. त्यात समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख लागतो. ‘आमच्याकडे सर्वांचे स्वागत आहे’ असे मोघम वाक्य चालत नाही, कारण ते वाक्य सगळीच चर्चे म्हणतात, आणि ज्याला एकदा दारातून परत पाठवले आहे त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. अलीकडच्या वर्षांत वांशिक समतेची बांधिलकीही अपेक्षित धरली जाते. मतदान निसटत्या बहुमताने जिंकण्याला फारशी किंमत नाही; पन्नास जण आनंदले आणि पंचेचाळीस जण पुढच्या रविवारी आलेच नाहीत, तर स्वागत करायला उरणार कोण? म्हणून काही मंडळ्यांत ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. कॉफीचे कप, सभेचे इतिवृत्त, एखाद्या वृद्ध सभासदाचा अबोला आणि पुन्हा कॉफी. सर्वसमावेशकतेचा बराचसा इतिहास असा कंटाळवाणा आहे, आणि त्यातच तिची ताकद आहे.

संस्थेच्या पातळीवर निकाल लागला तो ऑगस्ट 2009 मध्ये, मिनियापोलिसच्या अधिवेशनात. मानवी लैंगिकतेविषयीचे निवेदन मंजूर व्हायला दोन तृतीयांश मते हवी होती. 676 विरुद्ध 338, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर निवेदन पडले असते. त्याच दिवशी, 19 ऑगस्टला, शहरात टोर्नेडो घुसला आणि अधिवेशनाच्या सभागृहासमोरच्या सेंट्रल ल्यूथरन चर्चच्या मनोऱ्याची मोडतोड झाली. शहरातल्या एका प्रसिद्ध बॅप्टिस्ट उपदेशकाने याला देवाने दिलेला इशारा म्हटले. ल्यूथरन मंडळींना वादळाचे असे अर्थ तसे नवे नाहीत. 1505 मध्ये विजेच्या कडकडाटाने घाबरून ल्यूथरने संन्यासी होण्याचा नवस बोलला, तिथूनच त्यांची सारी कथा सुरू होते. या वेळी मात्र प्रतिनिधींनी आभाळाकडे पाहून निर्णय फिरवला नाही. 21 ऑगस्टला 559 विरुद्ध 451 मतांनी, आयुष्यभराचे एकनिष्ठ समलिंगी नाते असलेल्या व्यक्तींना पाळकपद खुले झाले.

या निर्णयातली एक तडजोड बाहेरच्या वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. निवेदनाने समलिंगी नात्यांबद्दलच्या परस्परविरोधी भूमिका नोंदवल्या आणि त्या सर्व सद्‌विवेकाने घेतलेल्या असू शकतात, म्हणून एकमेकांच्या बांधील सद्‌विवेकाचा मान राखावा, असे म्हटले. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की कोणत्याही मंडळीवर समलिंगी पाळक लादला जात नाही, आणि कोणत्याही मंडळीला तो बोलावण्यापासून अडवलेही जात नाही. हे औदार्य होते की चतुर माघार? दोन्ही. या तडजोडीमुळे संस्था त्या आठवड्यात टिकली. पण एकाच संस्थेचा समलिंगी पाळक एका गावात वेदीवर उभा राहतो आणि शेजारच्या गावात त्याला अर्जही करता येत नाही, ही स्थितीही तिच्यामुळेच आली.

किंमत मोजावी लागली. पुढच्या दोन-अडीच वर्षांत शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या. ऑगस्ट 2010 मध्ये त्यांतल्या काहींनी ‘नॉर्थ अमेरिकन ल्यूथरन चर्च’ ही वेगळी संस्था काढली. 2013 मध्ये इथिओपियाच्या मेकाने येसुस या विशाल ल्यूथरन चर्चने ईएलसीए आणि चर्च ऑफ स्वीडन या दोघांशी नाते तोडले. ईएलसीएची सभासदसंख्या 2022 अखेर तीस लाखांच्या खाली आली. सगळी घट या एका ठरावामुळे झाली असे म्हणणे चूक आहे, कारण ती आधीपासून चालू होती आणि समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या चर्चसंस्थांतही ती दिसते. पण ठरावाचा काहीच परिणाम झाला नाही, असेही म्हणता येणार नाही.

25 जुलै 2010 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट मार्क्स ल्यूथरन चर्चमध्ये सात नियमबाह्य पाळकांना ईएलसीएच्या यादीत विधिपूर्वक सामावून घेण्यात आले. त्यांत जेफ जॉन्सन होते. दीक्षेला वीस वर्षे उलटून गेली होती. फ्रॉस्ट आणि झिलहार्ट यांचा स्वीकार त्याच वर्षी मिनेसोटात झाला. त्यांना नव्याने दीक्षा दिली नाही, जुनीच ग्राह्य धरली. संस्थेने न बोलता दिलेली ही कबुली म्हणायची. सेंट फ्रान्सिस 2011 मध्ये ईएलसीएत परतली, आणि तेही संस्थेने बोलावल्यावर. 2013 मध्ये गाय अर्विन हे दक्षिण-पश्चिम कॅलिफोर्निया सिनडचे, म्हणजे संस्थेच्या प्रादेशिक विभागाचे, बिशप झाले. ते ईएलसीएचे पहिले खुले समलिंगी बिशप, आणि ओसेज या आदिवासी राष्ट्राचे सदस्यही.

इथे थांबले असते, तर ही विजयाची गोष्ट झाली असती. पण समावेशकतेची परीक्षा बाहेरच्यांपेक्षा आतल्यांना अवघड जाते, हे डेन्व्हरच्या एका मंडळीने फार गमतीदार रीतीने अनुभवले. 2008 च्या सुमारास नादिया बोल्झ-वेबर यांनी तिथे ‘हाउस फॉर ऑल सिनर्स अँड सेंट्स’ ही ल्यूथरन मंडळी सुरू केली. बाई दंडभर गोंदवलेल्या, पूर्वी रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करणाऱ्या, दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्या. मंडळीतही तसेच लोक : समलिंगी, पारलिंगी, व्यसनमुक्त, धर्माने पोळलेले. सगळे गोलाकार बसत, वाद्यांवाचून चार सुरांत स्तोत्रे गात, आणि उपासनेचे भाग ज्याला हवे तो वाचत असे. मग वर्तमानपत्रात मोठा लेख आला, 2011 च्या ईस्टरला नादियांनी रेड रॉक्सच्या खुल्या नाट्यगृहात हजारोंसमोर उपदेश केला, आणि पुढच्या रविवारपासून उपनगरातली इस्त्रीच्या पँटी घालणारी मध्यमवर्गीय जोडपी येऊ लागली. नादिया वैतागल्या, हे लोक आपल्या मंडळीचे वेगळेपण घालवतील, अशी त्यांना धास्ती. मंडळीची बैठक बोलावली. तिथे एक तरुण पारलिंगी सभासद म्हणाला की आपल्या आईवडिलांसारखी दिसणारी माणसे इथे आलेली त्याला बरी वाटतात, कारण स्वतःचे आईवडील करू शकत नाहीत ते प्रेम ती त्याला देतात. हा प्रसंग बोल्झ-वेबर यांनीच पुढे अनेकदा, स्वतःवर हसत, सांगितला आहे.

दुसरे उदाहरण हसण्यासारखे नाही. 2010 च्या त्या सात पाळकांत मेगन रोहरर हेही होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या बेघरांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. 2021 मध्ये ते सिएरा पॅसिफिक सिनडचे बिशप झाले. अमेरिकेतल्या मोठ्या चर्चसंस्थांमधले ते पहिले खुले पारलिंगी बिशप, त्यामुळे जगभर बातमी झाली. त्याच वर्षी 12 डिसेंबरला, ग्वादालुपेच्या माता मरियेच्या सणाच्या दिवशी, त्यांच्याच सिनडमधल्या स्टॉकटनच्या लॅटिनो मंडळीच्या पाळकाला पदावरून हटवल्याचे जाहीर करण्यात आले. लॅटिनो समाजासाठी हा वर्षातला एक मोठा सोहळा. लोक नटूनथटून आले होते. झालेल्या दुखावणीतून मोठे वादळ उठले, रोहरर यांनी जून 2022 मध्ये राजीनामा दिला आणि त्याच ऑगस्टमध्ये ईएलसीएच्या प्रमुख बिशप एलिझाबेथ ईटन यांनी त्या मंडळीची जाहीर माफी मागितली. पाळकाविषयीच्या निर्णयाची कारणे काही असोत, दिवसाची निवड कोणाला खटकली नाही, हेच दुखण्याचे मूळ. 2014 च्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार ईएलसीएचे 96 टक्के सभासद गोरे होते. एका प्रकारच्या वगळणुकीशी झुंजलेल्या संस्थेला दुसऱ्या प्रकारची वगळणूक आपोआप दिसत नाही.

भारतीय वाचकाला हे नवे वाटू नये. सेंट फ्रान्सिसची इमारत ज्या डॅनिश लोकांनी बांधली, त्यांच्याच देशाच्या राजाने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूचाऊ हे जर्मन धर्मप्रसारक 1706 मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला पोहोचले आणि भारतात ल्यूथरन मंडळी सुरू झाली. 1718 मध्ये तिथे न्यू जेरुसलेम चर्च उभे राहिले आणि त्यात जातीप्रमाणे वेगवेगळे बसणे चालू राहिले. विश्वासाने सारे समान, बसायला मात्र वेगळे. हा तिढा भारतीय ल्यूथरन मंडळ्यांना पुढे कितीतरी काळ छळत राहिला. मराठी मुलखात ल्यूथरन थोडे. इथले मिशन मुख्यतः अमेरिकन, स्कॉटिश आणि अँग्लिकन. पण मंडळीचा उंबरठा कुठे असावा, हा प्रश्न इथेही विचारला गेला होता. 1917 मध्ये नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. आज देशभरच्या प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चसंस्थांची राष्ट्रीय परिषद नागपुरात आहे. भारतातल्या ल्यूथरन संस्थाही तिच्या सभासद आहेत. लैंगिकतेविषयी चर्चला बोलते करण्याचे तिचे प्रयत्न चालू आहेत. मंडळ्यांच्या पातळीवर मात्र अजून बहुतेक ठिकाणी शांतताच आहे.

पुढच्या पानांत सेंट फ्रान्सिसची हकिकत विस्ताराने येईल. वाचकाने तिच्याकडे आदर्श म्हणून पाहण्याची घाई करू नये. ती लहान मंडळी आहे, अमेरिकेतल्या अनेक जुन्या चर्चप्रमाणे सभासद आणि पैसा यांची चिंता तिलाही आहे. तिच्यापासून घेण्यासारखे असेल तर ते एकच : स्वागताचे निवेदन लिहिण्यावर ती थांबली नाही. ज्यांना आत घेतले त्यांच्याच हाती वेदी सोपवली, आणि त्याबद्दल मिळालेली शिक्षा भोगली. ज्या मंडळ्या समलिंगी सभासदांना बाक देतात पण व्यासपीठ देत नाहीत, त्यांनी आपल्या फलकावरचे शब्द तूर्त झाकून ठेवावेत.

बांधील सद्‌विवेकाच्या तडजोडीचे काय, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. 2025 च्या फीनिक्स अधिवेशनात ईएलसीएने 2009 च्या निवेदनातली भाषा काही ठिकाणी दुरुस्त केली, कारण मूळ मजकूर समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नसतानाच्या काळातला होता. तडजोडीच्या मूळ कलमांचा फेरविचार 2028 च्या अधिवेशनासाठी ठेवण्यात आला आहे.